लक्ष न लागण्याची शिकवणी

माणसाचं लक्ष ही दुधासारखी नाशवंत वस्तू आहे आणि ती नासायच्या आत तिची किंमत वसूल झाली पाहिजे, हे तत्त्व सोल शहराच्या देची भागात सर्वमान्य आहे. नोव्हेंबरच्या मोठ्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू झाला, की पोरांचं चित्त ढळू नये म्हणून या देशात विमानं खाली उतरू देत नाहीत. वरच घिरट्या घालत ठेवतात. अशा देशाला लक्षाचं मोल कळत नाही, असं कोण म्हणेल? (विमानातल्यांची तक्रार नसते. त्यांचीही पोरं खाली परीक्षेला बसलेली असतात.)

देचीत लक्षाचं वाटप पुढीलप्रमाणे होतं. सकाळी शाळा असते. तिथे मोठी मुलं झोपतात आणि लहान मुलं झोपायला शिकतात. शाळा सुटल्यावर क्लास असतात. तिथे सगळी शिकतात. क्लास रात्री दहाला बंद व्हावेत असा नियम आहे, म्हणून दहानंतर कुणीही क्लासमध्ये शिकत नाही, घरी जाऊन क्लासचा गृहपाठ करतात. नियम पाळणाऱ्यांचा हा भाग आहे. चांगल्या क्लासला प्रवेशपरीक्षा असते. तिची तयारी करून घेणारे वेगळे क्लास असतात, आणि त्यांनाही प्रवेशपरीक्षा असते. ही साखळी खाली कुठवर जाते याचा शोध अजून लागलेला नाही. परंतु ज्याला अजून मान धरता येत नाही अशा एकाही बालकावर परीक्षेची सक्ती केली जात नाही, असं खात्रीलायकरीत्या समजतं.

या भागात ग्वाक मीसन नावाची एक बाई राहत होती. हे नाव फक्त विजेच्या बिलावर असे. एरवी ती 'राओनची आई'. इथे मूल झालं की बाईचं नाव जमा करून घेतात; मूल चांगल्या विद्यापीठात गेलं तर ते परत मिळतं, असं म्हणतात. परत मिळालेली बाई मात्र अजून कुणी पाहिलेली नाही.

राओन सहावीत होती. तिच्याकडे लक्ष नव्हतं असं मुळीच नाही. उलट इतकं होतं की ती ते ज्याला त्याला वाटत सुटे. खिडकीवरच्या पक्ष्याला थोडं, लिफ्टच्या घरघरीला थोडं, मास्तरांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला बरंचसं. या दानधर्मात मास्तरांच्या वाट्याला काही उरत नसे, एवढंच. घरी आल्यावर ती सांगायला लागे, "आई, आज शाळेत काय झालं माहितीय, आम्ही सगळे रांगेत उभे होतो आणि... आई, त्या काकांच्या कुत्र्याने बूट घातलेत!" रांग तिथेच उभी राही. मीसनच्या डोक्यात अशा कितीतरी रांगा वर्षानुवर्षं उभ्या होत्या. उघड्या टाकलेल्या दारांसारखी ती वाक्यं. त्यांतून सारखा वारा येई.

शेवटी तिने पोरीला डॉक्टर प्योबाईंकडे नेलं. बाईंनी शाळेकडून माहिती मागवली, पहिलीपासूनचे शेरे वाचले, राओनशी तासभर गप्पा मारल्या (त्यात राओनने त्यांच्या टेबलाखालचा, त्यांना स्वतःलाही माहीत नसलेला, सुटा स्क्रू शोधून काढला), संगणकावर चाचणी घेतली आणि मग सांगितलं, की हा अवधानाचा विकार आहे, पोरगी आळशी नाही, उद्धट नाही, आणि आईने गरोदरपणात कॉफी प्यायली म्हणूनही हे झालेलं नाही. मीसन रडली. बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला. त्या खोलीत तो फार चालतो.

"ही गोळी जरा निराळी आहे, समजून घ्या," बाई म्हणाल्या. "वरचा लेप लगेच विरघळतो आणि कामाला लागतो. बाकीचं औषध टणक कवचात बंद असतं. कवचाला एक बारीक भोक असतं. पोटातलं पाणी झिरपून आत जातं, आतला एक थर हळूहळू फुगतो आणि औषधाला मागून रेटत भोकातून थोडंथोडं बाहेर काढतो. सकाळी घेतली की संध्याकाळपर्यंत पुरते."

"आणि मग?"

"मग रिकामं कवच जसंच्या तसं बाहेर पडतं. संडासात दिसलं तर घाबरायचं नाही. एक मात्र कायम लक्षात ठेवा. चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी करायची नाही. तसं केलंत तर दिवसभराचं औषध एका दमात अंगावर येईल. दुपारी भूक मंदावेल, संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड होईल, उशिरा दिलीत तर झोप उडेल. वजन आणि उंची मी पाहत राहीन."

मीसनने सगळं ऐकलं आणि देचीची रहिवासी या नात्याने जो विचारायला हवा तो प्रश्न विचारला. "डॉक्टर, हिने मूल हुशार होतं का?"

"हुशारी तिची तिच्याकडे आहे. ही नुसती दार धरून ठेवते. आत कोण येणार, काय घेऊन येणार, ते गोळीला ठाऊक नाही."

मात्रा कमीजास्त होऊन नीट बसायला काही दिवस गेले. मग एके दिवशी शाळा सुटून घरी आल्यावर, मीसन मुळा चिरत असताना राओन म्हणाली, "आई, आज शाळेत आम्ही रांगेत उभे होतो आणि माझ्यापुढच्या मुलीच्या दप्तराची चेन उघडी होती, मी तिला सांगितलं, आणि ती थँक्यू म्हणाली." मीसन पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं. वाक्य पूर्ण झालं होतं. तिने सुरी खाली ठेवली आणि उगाचच नळ सोडून हात धुतले.

घरात या गोळीचं नाव 'व्हिटॅमिन' ठेवण्यात आलं. नवऱ्याला खरं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्याही लक्षात कुठे काय राहतं? तरी झालोच ना मी विभागप्रमुख?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपली पोरगी कितवीत आहे हे त्याला दर मार्चमध्ये नव्याने सांगावं लागे. बाकी जगापासून मात्र गोष्ट लपवली. असा आजार कागदावर चढला की पुढे नोकरी, लग्न, विमा सगळं अडतं, असं लोक बोलत. खरं किती ते कुणी तपासलं नव्हतं, पण घाबरायला तपासणी लागत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग गोळीला बरे दिवस आले.

कुठल्याशा पहिल्या आलेल्या मुलाच्या दप्तरात ही गोळी सापडली, अशी बातमी 'आयांच्या गटा'त येऊन धडकली. गटाच्या प्रमुख होत्या सीहूच्या आई. अशा प्रमुख आईला या भागात 'डुक्करआई' म्हणतात; मागून पिल्लांचा ताफा चालतो म्हणून. ही शिवी नव्हे, पद आहे. कुठल्या मास्तरांकडे कुठली चार मुलं बसतील, कुणाला कुठला क्लास मिळेल, हे डुक्करआई ठरवते. तिच्यावर निवडणूक लढवायची वेळ येत नाही, कारण विरोधात उभं राहणाऱ्या आईच्या मुलाला बसायला जागा मिळत नाही.

गटाने ताबडतोब एक पाहणी केली. (उत्तरं देणाऱ्या आया बत्तीस, स्वतःच्या माहितीवर देणाऱ्या एक, ती मीसन, आणि तिने 'माहीत नाही' या चौकटीत खूण केली होती.) पाहणीतून असं सिद्ध झालं, की ज्या मुलांना विकार आहे त्यांच्या आया तो नाकारतात, आणि ज्यांना तो नाही त्यांच्या आया तो मिळवण्यासाठी धडपडतात, सबब या भागात विकार कुणालाच नाही आणि सर्वांना आहे.

काही घरांनी इकडून तिकडून गोळ्या मिळवल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. पहिली तक्रार वेळेबाबत. नाश्त्याला घेतलेल्या गोळीचा खरा जोर शाळेत वाया जातो आणि क्लासची वेळ होईस्तोवर ती उतरते, हा सरळसरळ अपव्यय आहे, असं एकमत झालं. कुणी ती दुपारच्या जेवणानंतर द्यायला लागलं. पोरं रात्रभर टक्क जागी. दोन दिवस याची गणना फायद्यात करण्यात आली. मग एकीचं पोर पहाटे न्हाणीघरातल्या फरशा मोजताना सापडलं आणि तो ठराव मागे घेतला गेला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. एका आईला संडासात अख्खी गोळी दिसली. गट हादरला. परीक्षेच्या दिवशी या देशात समुद्रशेवाळाचं सूप कुणी पोराच्या पुढ्यात ठेवत नाही, कारण ते बुळबुळीत. प्यायलेलं पोर परीक्षेतून घसरतं. म्हणून परीक्षेला निघालेल्याला लोक चिकट चिक्की देतात, भाताचे चिकट लाडू देतात, म्हणजे ते विद्यापीठाला चिकटून राहील. आणि इथे एवढी महागाची गोळी एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने घसरून बाहेर! 'पोटात टिकतच नाही, तर डोक्यात काय टिकणार?' असा सवाल गटात आला, आणि गोळी यापुढे चिकट लाडवात दाबूनच द्यावी असं ठरलं. मीसनने फोनवर लिहिलं, 'अहो, ते नुसतं रिकामं कवच असतं, औषध केव्हाच पोटात गेलेलं असतं.' मग पुसून टाकलं. जी बाई पोरीला फक्त व्हिटॅमिन देते, तिला हे कुठून कळलं असतं? त्या आठवड्यात देचीत कितीतरी पोरांना गोड लाडवांनी पोट धरून बसवलं आणि शास्त्राने एक शब्द काढला नाही. शास्त्र त्या वेळी मुळा चिरत होतं.

मग औषधाच्या दुकानात गोळी मिळेनाशी झाली. "सगळीकडेच तुटवडा आहे हो," दुकानदार म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात त्याने पुढचा आठवडा दाखवला. राओनच्या डबीत मोजक्या उरल्या. मीसन दुकानांची फेरी करून यायची आणि राओन दारातच विचारायची, "मिळाल्या?" आईने नकाराची मान हलवली की ती म्हणायची, "काही नाही, मी आज हळूहळू लक्ष देते, म्हणजे पुरेल." गोळीची आणि आपली कामाची पद्धत एकच आहे, असं तिला वाटत असे.

डॉक्टर प्योबाई दाद देत नव्हत्या, हा गटापुढचा खरा अडसर. ज्यांना विकार नाही त्यांना त्या गोळी लिहून देत नव्हत्या. पण मागणी तिथे क्लास हा या मातीचा धर्म आहे. महिन्याभरात कोपऱ्यावरच्या इमारतीत पाटी लागली: 'भटकं चित्त पूर्वतयारी केंद्र. संचालक: बांग.' अवधानाच्या चाचणीत हमखास नापास करून देणारा हा पहिलाच क्लास. बांगसाहेब अगोदर निबंध शिकवत, त्यामुळे नसलेली गोष्ट असल्यासारखी मांडण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. अभ्यासक्रमात पुढील विषय होते: भिंतीकडे टक लावणे (प्राथमिक व प्रगत), प्रश्न संपण्याआधी उत्तर देणे, पेन्सिल पाडणे, त्यात चुकून, सहज आणि नकळत असे तीन प्रकार, आणि खुर्चीतील चुळबूळ, प्रात्यक्षिकासह.

केंद्राला अर्थातच प्रवेशपरीक्षा होती. दोन तास, मध्ये सुट्टी नाही. जो मुलगा दोन तास एका जागी बसू शकत नाही, त्याला एका जागी न बसण्याचं शिक्षण झेपणार नाही, असं बांगसाहेबांचं मत होतं. राओन त्या परीक्षेला बसती तर पहिल्याच पानावर बाद झाली असती.

परंतु निकाल लागेना. मुलं नापास होण्यात नापास होत होती. चाचणीत चौकोन दिसला की कळ दाबायची असते. केंद्राची मुलं बरोबर दर तिसरा चौकोन चुकवत. इतकं शिस्तबद्ध दुर्लक्ष डॉक्टर प्योबाईंनी कारकिर्दीत पाहिलं नव्हतं. त्या प्रत्येक आईला सांगत, "याला काही झालेलं नाही. याला मी झोप लिहून देते." झोप औषधाच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे ती चिठ्ठी कुणी नेत नसे.

तेव्हा बांगसाहेबांनी जाहीर केलं, की पुस्तकी शिक्षणाची हद्द झाली. आता एक अस्सल नमुना हवा.

नमुना शोधायला वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये सीहूने राओनला विचारलं होतं, "तू डबा का नाही खात गं?" आणि राओनने सांगितलं होतं, "माझी गोळी असते ना, तिने दुपारी भूक नाही लागत." खोटं बोलायला आधी काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं. तो भार राओनने कधी उचललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सीहूच्या आई स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन दारात.

"मीसनताई," त्या म्हणाल्या. मीसनने मागे वळून पाहिलं, की आणखी कोण आलंय. "अहो, तुम्हालाच म्हणतेय. लपवायचं कशाला एवढं? आम्ही काय परक्या?"

"कसलं लपवणं? व्हिटॅमिन आहे ते."

"राहू द्या हो! मला कळलंय सगळं. आणि खरं सांगू, हेवा वाटला. नाहीतर आमचा सीहू. नशीबच नाही. बसला की बसला, उठायचं नाव नाही. डॉक्टरीण तोंडावर सांगते हो, याला काही झालेलं नाही! आईच्या जिवाला काय होत असेल, सांगा."

"वाईट वाटतं ऐकून," मीसन म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"म्हणूनच आले. येत्या शनिवारी राओनला तासभर केंद्रात बसवा. काही करायचं नाही, नुसती बसेल तशी बसू दे. मुलं बघतील, शिकतील. आणि आपल्या गणिताच्या चमूत एक जागा रिकामी आहे, मी राओनचं नाव मनात धरलंय." त्यांनी एक स्ट्रॉबेरी स्वतःच उचलून खाल्ली. "फक्त त्या दिवशी गोळी देऊ नका. गोळी घेतलेली राओन आम्हाला काय कामाची?"

त्या गेल्यावर मीसन सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसली. मागणीचा अर्थ तिला नीट कळला होता. ज्यांना गोळीची गरज नाही त्यांना ती मिळावी, म्हणून जिला गरज आहे तिने ती घ्यायची नाही. आणि मग त्यांना मिळाली की हिच्यासाठी दुकानात उरणार नाही. दुसऱ्या बाजूला गणिताची जागा. मीसन काही संत नव्हती. त्या जागेसाठीच तर ती ऐसपैस घर सोडून देचीतल्या या दोन खोल्यांत येऊन राहिली होती, जिथे कपाट उघडायचं तर एकाने बाहेर जावं लागे. परातीतली शेपटं संपली तरी तिचा निर्णय होईना. मग तिने चुकून मोडही खुडून टाकले.

शनिवारी सकाळी सूप गॅसवर होतं. राओन टेबलाशी पाय हलवत बसली होती.

"आई, गोळी?"

"आज एका ठिकाणी जायचंय. गोळी न घेता तू कशी असतेस, ते तिथल्या मुलांना पाहायचंय."

"हसायला?"

"छे गं. लिहून घ्यायला."

राओनने विचार केला. "पण आई, गोळी नसली की मला सगळे एकदम ऐकू येतात. सगळे एकदम आले की मग कुणीच ऐकू येत नाही. आणि ते जर मला काही विचारायला लागले आणि मला कळलंच नाही, तर मला वाटेल की ते... आई, सूप उतू जातंय!"

मीसनने गॅस बंद केला. सांडलेलं सूप पुसलं. ते पुसताना तिने उरलेलं वाक्य काही पोरीकडे मागितलं नाही. तिला ते कळलं होतं. तिने डबी उघडली, पाण्याचा पेला भरला आणि राओनने गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. नंतर अंडं घातलेला भात पुढे ठेवला, दुपारी भूक नसते म्हणून जरा जास्तच.

केंद्राच्या खोलीत मुलं वह्या उघडून बसली होती. काचेपलीकडे आया. "आज आपल्यासमोर," बांगसाहेब म्हणाले, "अस्सल, जन्मजात, भेसळमुक्त उदाहरण आहे. हिची प्रत्येक हालचाल टिपा. यातलं काहीही परीक्षेला येऊ शकतं."

राओन खुर्चीत बसली. तोवर गोळी रंगात आली होती. बांगसाहेबांनी व्याख्यान सुरू केलं आणि राओन ऐकू लागली. नुसती ऐकू लागली.

काचेपलीकडून आया टिपू लागल्या. 'नजर बोलणाऱ्यावर. अनैसर्गिक स्थिर.' 'मान मधूनमधून हलवते, झटके असावेत.' मीसनच्या शेजारी सीहूच्या आई हळूच म्हणाल्या, "अहो, किती गंभीर आहे हो! इतकी असेल असं वाटलं नव्हतं मला."

बांगसाहेबांनी मुद्दाम एक लांबलचक, तीन वळणांचा प्रश्न टाकला. नियमाप्रमाणे राओनने तो मध्येच तोडायला हवा होता. ती शेवटपर्यंत थांबली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "सर, मधला भाग मला कळला नाही. परत सांगाल?"

काचेपलीकडे सगळ्यांनी नवं पान उलटलं. "पाहिलंत?" बांगसाहेब टेबलावर थाप मारून ओरडले. "कळलं नाही म्हणते! माझ्या इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे उच्चारलेलं नाही! हे शिकवून येत नाही मंडळी, हे आतूनच यावं लागतं." (मधला भाग त्यांनी परत सांगितला नाही. तो त्यांनाही आठवेना.)

इतक्यात सीहूच्या हातून पेन्सिल पडली. ती तीनपैकी कुठल्याही प्रकारात बसत नव्हती. त्याला डुलकी लागली होती. राओनने उठून ती उचलली, त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "तू खूप दमलायस का?"

सीहूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून कुणी टिपून घेतलं नाही.

त्या दिवसापासून केंद्राने जुना अभ्यासक्रम मोडीत काढला आणि 'राओन पद्धत' लागू केली. बोलणाऱ्याकडे पाहावं. वाक्य पूर्णविरामापर्यंत ऐकावं. कळलं नाही तर तसं म्हणावं. शेजारचा दमलेला दिसला तर विचारावं. देचीची मुलं मेहनती. त्यांनी ही लक्षणं घोटून घोटून अंगी बाणवली. काहींच्या आया घरी सरावही घेत. त्यासाठी त्यांना मुलांशी बोलावं लागलं, तेवढा एक त्रास झाला. मग केंद्राची पूर्ण तुकडी ठरल्याप्रमाणे डॉक्टर प्योबाईंकडे रवाना झाली.

झाडून सगळी उत्तीर्ण झाली. असं निर्मळ अवधान त्या भागात पूर्वी आढळलेलं नव्हतं. एकालाही गोळी मिळाली नाही. टिश्यूचे दोन डबे संपले. आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, की आपल्या मुलांना काही म्हणजे काही झालेलं नाही.

अनर्थ इथेच थांबला नाही. क्लासक्लासमधून मुलं हात वर करून 'कळलं नाही' म्हणू लागली. गणिताचे नामांकित मास्तर एका पायरीपाशी अडकले आणि शेवटी, आपल्यालाही ती कधी कळलेली नाही, असं सांगून रजेवर गेले. सीहूने तर भर वर्गात 'मी दमलोय' असं जाहीर करून टेबलावर डोकं टेकलं. त्याला चारजणांनी विचारलं, खूप का?

सीहूच्या आईंनी राओनला लिफ्टमध्ये गाठून सरळच विचारलं, त्या दिवशी गोळी घेतली होतीस का? राओनने नेहमीप्रमाणे खरं सांगितलं. संध्याकाळी फोन आला.

"राओनच्या आई," आवाज कोरडा होता, "तुम्ही फसवलंत आम्हाला. मी म्हटलं होतं, जशी आहे तशी आणा."

"तशीच आणली होती," मीसन म्हणाली. "गोळी घेतलेली राओनसुद्धा राओनच असते."

"हो का? मग तिला घरीच शिकवा गणित."

गणिताची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मीसनला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. चांगल्या कामाचा आनंद लगेच होतो अशी अफवा आहे. तिसऱ्या दिवशी औषधवाल्याने हाक मारली. गोळ्या आल्या होत्या. कुणी न्यायलाच येत नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टर प्योबाईंनी राओनचं वजन केलं, उंची मोजली, समाधानाने मान हलवली. मग पोरीला बाहेर पाठवून विचारलं, "संध्याकाळी औषध उतरतं, तेव्हा ती पुन्हा भरकटत बोलत असेल. ऐकतं कोण?"

"मी ऐकते ना."

"शेवटपर्यंत?"

मीसनच्या पर्समध्ये फोन थरथरला. गट अजून चालू होता. तिचा हात आपोआप पर्सकडे गेला. प्योबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या.

त्या संध्याकाळी राओनने शाळेतल्या रांगेची एक हकीकत सांगायला घेतली. ती बोलता बोलता कुत्र्यावर गेली, कुत्र्यावरून समोरच्या आजोबांच्या टोपीवर, टोपीवरून वाऱ्यावर, वाऱ्यावरून मैदानावरच्या झेंड्यावर. मीसन टेबलाशी बसून राहिली. फोन दोनदा वाजला, तिने तो शेजारच्या खुर्चीवरच्या उशीखाली सारला. भात निवला, सुपावर साय धरली, आणि बऱ्याच वेळाने झेंड्याखालून ती रांग एकदाची चालू लागली आणि वर्गात पोचली. इतकी वर्षं ती वाक्यं तुटलेली नव्हतीच. लांबच्या रस्त्याने यायची, आणि ती पोचायच्या आत ऐकणारं माणूस उठून गेलेलं असायचं.

सुज्ञ वाचकांना या परदेशी मंडळींचं हसू आलं असेल, तर खुशाल हसून घ्यावं. फक्त मघाशी तुम्ही हे वाचत होतात, तेव्हा घरातून कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं आणि पानावरून मान वर न करता तुम्ही 'हं' म्हणालात. कशाला 'हं' म्हणालात, तेवढं जरा आठवून पाहा.